जळगावात अनंत जगवायचाय : शेंडे पिवळे, कळ्या गळतात

मेहरूणकाठ | २६ एप्रिल

नमस्कार मंडळी. अनंताच्या (गार्डेनियाच्या) झाडाबद्दल मदत हवी आहे.

घर जळगावात, मेहरूण तलावाच्या बाजूला. अंगण लहान, माती काळी. गेल्या पावसाळ्यात नर्सरीतून अनंत आणला तेव्हा पानं तेल लावून पुसल्यासारखी तकतकीत होती. आल्या आल्या फुललाही, गल्लीतल्या बायका वास कुठून येतोय म्हणून विचारत आल्या. मग कुंडीतून काढून अंगणात लावला. दिवाळीपासून मात्र शेंड्याची नवी पानं पिवळी येतायत. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. खालची जुनी पानं अजून बरी आहेत. मार्चमध्ये कळ्या धरल्या, वाटाण्याएवढ्या झाल्या आणि ऊन तापायला लागल्यावर देठासकट गळाल्या.

आतापर्यंत गांडूळखत, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा, केळीच्या सालींचं पाणी (सालींना आमच्याकडे तोटा नाही) आणि १९:१९:१९ हे रासायनिक खत एवढं घालून झालंय. पाणी बोअरचं. कूलरची टाकी रिकामी करते तेव्हा तेही यालाच घालते, वाया का घालवायचं. सासूबाई म्हणतात काढून टाक आणि तगर लाव. मला अनंतच हवाय. काय कमी पडतंय?

भरीत_पार्टी | २६ एप्रिल

सासूबाईंचं ऐका :)

केळीवाला_रावेर | २६ एप्रिल

ताई, पानी कोनतं देतस ते तुम्हीच सांगी दिधं, रोग तठेच शे.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. आमच्याकडे ठिबकच्या नळ्या याच बोअरच्या पाण्याने चोंदतात. ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा चुना बसतो, म्हणून अधूनमधून लाईनमध्ये ॲसिड सोडून तो विरघळवावा लागतो. तुमच्या गीझरची कॉइल काढून बघा, तोच थर दिसेल. जे पाणी धातूच्या कॉइलवर कवच चढवतं ते रोज झाडाच्या मुळाशी जातंय. केळी सोसते, कापूस सोसतो. अनंत नाही सोसत.

आणि कूलरचं पाणी आजपासून बंद. कूलरमध्ये पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. पुन्हा वरून बोअरचं पाणी भरलं की ते क्षार आणखी साचतात. आठवड्यानंतर टाकीच्या तळाशी जे उरतं तो बोअरच्या पाण्याचा आटवलेला काढा असतो.

मेहरूणकाठ | २६ एप्रिल

अय्या, हे लक्षातच आलं नव्हतं. पण मोगरा आणि जास्वंदाला तेच पाणी जातं. त्यांना काही होत नाही, ते कसं?

मृदा_धुळे | २६ एप्रिल

केळीवाल्या दादांनी बरोबर नाडी पकडली. थोडं सविस्तर लिहितो.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं सरसकट पिवळी पडतात. मॅग्नेशियम कमी पडलं तरी शिरा हिरव्या राहतात, पण तेही जुन्या पानांवर दिसतं. लोह झाडात एकदा जिथे बसलं तिथून सहसा हलत नाही. त्यामुळे जुनी पानं हिरवी राहतात आणि शेंडा उपाशी.

आता मातीत लोह नाही असं समजू नका. काळ्या मातीत लोह भरपूर असतं. पण आपल्या मातीचा सामू (पीएच; सातच्या खाली आम्लधर्मी, वर विम्ल) साधारण साडेसात ते साडेआठ, आणि बऱ्याच ठिकाणी मोकळा चुना. अशा मातीत लोह गंजाच्या रूपात बसून राहतं, मुळांना ओढता येत नाही. अनंताला सामू पाच ते साडेसहा लागतो. मूळचा तो चीनच्या दक्षिणेकडचा, पाऊसपाण्याच्या, आम्लधर्मी मातीच्या मुलखातला. मोगरा, जास्वंद, तगर, कण्हेर यांना आपली माती बऱ्यापैकी चालते. म्हणून एकाच नळीचं पाणी, पण तक्रार फक्त अनंताची.

मातीत मोकळा चुना आहे का, ते घरी बघता येतं. वाळलेलं ढेकूळ घ्या आणि त्यावर व्हिनेगरचे किंवा लिंबाच्या रसाचे दोन-चार थेंब टाका. कान जवळ नेला की चुरचुर ऐकू येते, बारीक बुडबुडे येतात. आले तर ओळखा चुना आहे.

अंड्याची टरफलं मात्र बंद करा. टरफल म्हणजे जवळपास शुद्ध चुनाच. चुलीची राख आणि हाडांचा चुराही अनंताला नको. केळीच्या सालीने बिघडत नाही, पण या दुखण्यावर तिचा उपयोगही नाही.

मेहरूणकाठ | २७ एप्रिल

केलं. चुरचुरलं! अंगणातल्या मातीवर तर फेसच आला. सासूबाई शेजारी उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, माती काय सोडा आहे का.

जुई_दापोली | २७ एप्रिल

आमच्या परसातला अनंत पडवीच्या कौलांपर्यंत गेलाय. कोणी खत घातल्याचं आठवत नाही. गौरी-गणपतीच्या दिवसांत फुलांनी परड्या भरतात. तुमच्याकडे एवढे कष्ट का पडतात?

मृदा_धुळे | २७ एप्रिल

ताई, तुमच्याकडे जांभ्याची आम्लधर्मी माती, भरपूर पाऊस आणि दमट हवा. आमच्याकडे तिन्ही उलट. यात तुमचं कौशल्य किंवा आमचा आळस, दोन्ही नाही :)

पुणे_गच्ची | २७ एप्रिल

आम्ही दर रविवारी ताक घालतो. पातळ करून, एका कुंडीला एक पेला. सुंदर पानं येतात. इतकं रसायनशास्त्र कशाला?

मृदा_धुळे | २७ एप्रिल

ताक वाईट नाही. कढीपत्त्याला घालतात तेही याच कारणाने. तुमच्या कुंडीत लाल माती आणि पालापाचोळा असणार आणि नळाला धरणाचं पाणी. तिथे एक पेला ताक पुरतं. इथे रोज बादलीने क्षार ओतायचे आणि रविवारी पेलाभर ताक, हा हिशेब जुळत नाही. शिवाय घट्ट ताक ओतलं तर कुंडीत मुंग्या आणि वास.

घाटाखालची | २७ एप्रिल

मध्येच एक विचारते, तो अनंतच आहे ना? नंदुरबारला आमच्या शेजाऱ्यांना अनंत म्हणून डबल तगर दिली होती. वर्षभर ते फुलाला वास का नाही म्हणून झाडाला बोल लावत होते.

पानाचा देठ तोडून बघा. पांढरा चीक आला तर तगर. अनंताला चीक नसतो. अनंताची कळीही वेगळी, हिरवी, टोकदार आणि पिळलेल्या वातीसारखी. पाकळी जाड. फूल पहिल्या दिवशी पांढरं आणि नंतर सायीसारखं पिवळसर होत जातं. तगर शेवटपर्यंत पांढरीच राहते.

मेहरूणकाठ | २७ एप्रिल

अनंतच आहे. चीक नाही. आणि तो वास, त्यात चूक होणं शक्यच नाही.

मग आता झाड हलवू का? का इथेच गंधक वगैरे घालून माती सुधारू?

केळीवाला_रावेर | २७ एप्रिल

दोन बाय दोनचा खड्डा घ्या, दोन फूट खोल. काळी माती काढून टाका, लाल माती आणि शेणखत भरा. आम्ही आंब्याला तसंच करतो.

मृदा_धुळे | २८ एप्रिल

दादा, आंब्याला चालेल, अनंताला मी सांगणार नाही. काळ्या मातीतला असा खड्डा पावसाळ्यात हौद होतो. आजूबाजूची माती पाणी जिरू देत नाही, पाणी या भुसभुशीत खड्ड्यात येऊन थांबतं आणि तेवढीच जागा चिबड होते. अनंताची मुळं बारीक आणि वरच्या थरातली, लगेच कुजतात. त्यातून वाचलं तरी बाजूचा चुना आणि बोअरचं पाणी मिळून काही वर्षांत पुन्हा तेच.

गंधकाचं गणित सांगतो. १ किलो गंधक साधारण ३ किलो चुना मारतं. मातीत ५ टक्के चुना धरला तर १०० किलो मातीत तो ५ किलो झाला. म्हणजे दीड किलोच्या वर गंधक नुसता चुना संपवायलाच, सामू उतरायला सुरुवात त्यानंतर. अंगणातल्या खड्ड्यात १०० किलो माती म्हणजे काहीच नाही. गंधकाचं आम्ल मातीतले जिवाणू करतात, त्याला ओल आणि महिने लागतात. एवढं गंधक एकदम घातलं तर झाडच जाईल. चुनखडीच्या जमिनीत हा नाद सोडावा.

मोठी कुंडी हाच आपल्याकडचा मार्ग. १४ ते १६ इंची, खाली भोकं मोकळी. कोकोपीट दोन भाग, लाल माती एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा पानांचं खत एक भाग. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांनी धुवा, त्यात कधीकधी मीठ असतं. विटांचे तुकडे तळाला चालतील, पण चुन्याचे किंवा सिमेंटचे नकोत. घर बांधून उरलेला गिलावा कुंडीत टाकणारे लोक मी पाहिलेत.

भुसावळ_४६ | २८ एप्रिल

माती-पाणी झालं, उन्हाचं कोणी बोलेना. आयडी बघून कळलंच असेल आम्ही काय भोगतो ते.

अनंताला सकाळचं ऊन द्या. दहा-साडेदहापर्यंत पुरे. नंतर सावली. पश्चिमेच्या भिंतीजवळ तर ठेवूच नका. आमच्या क्वार्टरची पश्चिमेची भिंत मे महिन्यात रात्री दहालाही हात लावू देत नाही, तिच्यासमोर झाड रात्रभर शेकतं. पूर्वेकडे किंवा उत्तरेकडे ठेवा, वर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट. लू चालते त्या दिशेला आडोसा म्हणून दुसऱ्या कुंड्यांची रांग लावा. कण्हेर, तगर, कोरांटी काहीही. बोडकी सिमेंटची गच्ची असेल तर कुंडी विटांवर ठेवा.

कुंडीतल्या मातीवर केळीची वाळलेली पानं चुरून दोन-तीन बोटं जाड थर द्या. रावेरवाले दादा फुकट देतील.

आणि नळीतलं पहिलं पाणी बाजूला सोडा. दुपारी उन्हात पडलेल्या नळीतून चहा होईल इतकं तापलेलं पाणी येतं. लोक तेच मुळाशी सोडतात आणि झाड उन्हाने गेलं म्हणतात.

केळीवाला_रावेर | २८ एप्रिल

पानं फुकट, घड नाही.

मेहरूणकाठ | २८ एप्रिल

सगळं पटलं. पण पाण्याचं काय करू? महापालिकेचं पाणी येतं, पण रोज नाही, ते प्यायलाच पुरवून वापरतो. आरओ आहे घरी. त्याचं वाया जाणारं पाणी वापरू?

भुसावळ_४६ | २८ एप्रिल

नको. आरओ जे क्षार तुमच्या पिण्याच्या पाण्यातून काढतो ते सगळे त्या नळीतून बाहेर येतात. कूलरचा सख्खा भाऊ. फरशी पुसा त्याने.

एसीचं पाणी मात्र चांगलं, हवेतली वाफ थंड होऊन पडलेलं, त्यात क्षार जवळपास नसतात. अडचण एकच. एप्रिल-मेमध्ये आपली हवा इतकी कोरडी की एसी दिवसभर चालला तरी बाटली धड भरत नाही. जुलैत धो धो गळतो, तेव्हा पाऊसच असतो. दैव देतं आणि कर्म नेतं.

मृदा_धुळे | २८ एप्रिल

तीन मार्ग आहेत, जे जमेल ते करा.

पहिला पावसाचं पाणी. १० चौरस मीटरच्या पत्र्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५०० लिटर पाणी मिळतं. अर्धं सांडलं धरलं तरी एक २०० लिटरचं टिपाड भरून वर उरतं. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या, पत्र्यावरची धूळ त्यात येते. टिपाडाच्या तोंडाला दाट कापड घट्ट बांधा, नाहीतर डासांची पैदास आणि आरोग्य खात्याचा माणूस दारात. एका अनंताला उन्हाळ्यात दिवसाला दीड-दोन लिटर धरा. म्हणजे एक टिपाड तीन-चार महिने चालतं. अनंत पावसाच्या पाण्यावर आणि बाकीची बाग बोअरवर, असं सहज जमतं.

दुसरा मार्ग, बोअरचंच पाणी आम्ल घालून मऊ करायचं. घरात ॲसिडच्या बाटल्या नकोत, लहान मुलं असतात. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिडचे खडे मिळतात, ते बरे. १० लिटरच्या बादलीला पाव चमच्यापासून सुरुवात करा. सामू मोजायच्या कागदाच्या पट्ट्या मिळतात, पट्टी ६ च्या आसपास आली की थांबा. आपल्या कडक पाण्याला अर्ध्या चमच्यापर्यंत लागू शकतं. टीडीएस मीटर यासाठी उपयोगाचा नाही. तो एकूण क्षार मोजतो, त्यातला झाडाचा सामू चढवणारा भाग किती, ते सांगत नाही.

तिसरा, आरओचं चांगलं पाणी आणि बोअरचं पाणी निम्मं-निम्मं. उन्हाळ्याचे दोन महिने काढायला ठीक.

काहीही वापरलं तरी पावसाळ्यात एकदोनदा कुंडी सपासप भिजू द्या, खालून पाणी वाहून जाईपर्यंत. साचलेले क्षार धुऊन निघतात. कुंडीच्या काठावर पांढरी मिठागत कड दिसते ना, ते हेच.

भरीत_पार्टी | २८ एप्रिल

म्हणजे आम्ही बोअरचं पाणी प्यायचं आणि अनंताने आरओचं.

मेहरूणकाठ | २९ एप्रिल

हाहा. सासूबाई अगदी हेच म्हणाल्या.

लोहाचं काय? नर्सरीवाला म्हणाला हिराकस टाका मातीत, मूठभर.

मृदा_धुळे | २९ एप्रिल

मातीत मूठभर हिराकस टाकू नका. हिराकस म्हणजे फेरस सल्फेट. चुनखडीच्या मातीत पडलं की काही दिवसांत गंज होऊन तेही कुलूपबंद. पैसे स्वस्तात जातात एवढंच. कुंडीत मूठभर म्हणजे तर मुळं जळतील.

फवारणीला मात्र हिराकस कामाचं. लिटरला २ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व, शक्यतो एसीच्या किंवा आरओच्या पाण्यात, ताजं करून. ऊन उतरल्यावर, पानांच्या खालूनही फवारा. आठ-दहा दिवसांनी पुन्हा. आधी दोन पानांवर मारून बघा. फरशीवर पडलं तर तांबूस डाग पडतो, तो निघत नाही, म्हणून झाड मातीवर नेऊन फवारा.

चिलेटेड लोह, म्हणजे मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात गुंडाळलेलं लोह, घेणार असाल तर पाकिटावर अक्षरं वाचा. ईडीटीए असेल तर ते सामू साडेसहाच्या वर मातीत टिकत नाही, फवारणीलाच वापरा. ईडीडीएचए लिहिलेलं आपल्या मातीतही, सामू ९ पर्यंत टिकतं. ते मातीतून द्यायचं, गडद लालसर दाणे, पाण्यात टाकले की पाणी कोकमासारखं होतं. महाग असतं, पण एका कुंडीला २-३ ग्रॅम लिटरभर पाण्यातून दिले की बरेच आठवडे पुरतं. कृषी केंद्रात द्राक्ष-डाळिंबवाल्यांसाठी ठेवलेलं असतं, सुटं मागून बघा.

पिवळी झालेली पानं सगळी पुन्हा हिरवी होतीलच असं नाही. नवा शेंडा कसा येतो तिकडे बघा.

चोपडा_सातपुडा | १ मे

आमचा अनंत कुंडीतच आहे, सामू वगैरे सगळं ठीक. पण दरवर्षी पावसाळ्यात एके सकाळी बघावं तर फांद्या बोडक्या. अळी आहे, बोटाएवढी जाड, पानाच्या रंगाचीच हिरवी आणि शेपटीवर एक काटा. पानाच्या मधल्या शिरेला उलटी लटकून असते, डोळ्यासमोर असून दिसत नाही. खाली फरशीवर काळ्या मिरीएवढ्या लेंड्या दिसल्या की वर शोधायचं. आम्ही हाताने वेचतो. तिचं पाखरू दिवसा उडतं, पारदर्शक पंखांचं, लांबून भुंगाच वाटतो.

जाता जाता एक. सातपुड्याच्या पानगळीच्या जंगलात अनंताचा रानटी भाऊबंद आहे, डिकेमाली. त्याच्या पालवीच्या कळ्यांच्या टोकाशी पिवळा डिंक येतो. बाळाला दात येताना आजीबाईच्या बटव्यातून जी उग्र वासाची डिकेमाली निघायची ती हीच. उन्हाळ्यात अख्खं झाड निष्पर्ण आणि त्यावर पांढरी फुलं, तीही दुसऱ्या दिवशी पिवळी होतात. त्याला ना कोकोपीट लागतं ना आरओ.

निंबोळी_अर्क | १ मे

त्या काटेवाल्या अळीला हात पुरतो. अनंताचा खरा वैरी पिठ्या ढेकूण. पानांच्या बेचक्यात आणि कळीच्या देठाशी कापसासारखा पांढरा पुंजका दिसला की समजा. आधी मुंग्या येतात, मुंग्यांची रांग दिसली की ढेकूण शोधायचाच. चिकट पाझर खालच्या पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी चढते, पान काजळी धरल्यासारखं दिसतं.

थोडे असतील तर जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा. जास्त असतील तर लिटरला ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा द्रवरूप साबण, नीट घुसळून. संध्याकाळीच. दुपारी तेल मारलं तर पान भाजतं. कपाशीवाल्यांकडे ५ टक्के निंबोळी अर्क तयार असतोच, तोही चालेल.

मेहरूणकाठ | ३ मे

पुंजके नाहीत, बघितलं. लोहाची पहिली फवारणी केली. शेडनेट बांधली.

कळीगळीचं कोणी सांगेल का? शेजारचे काका कपाशीच्या पातेगळीला (पाते म्हणजे कोवळ्या कळ्या) मारतात ते संजीवक, म्हणजे वाढीचं औषध, मारू म्हणतात.

केळीवाला_रावेर | ३ मे

मना वावरमा बी पातेगळनं हाईच रडगाणं शे. औषध मारायच्या आधी ओल बघायची. जमीन कोरडी पडून एकदम पाणी दिलं की पाते गळणारच. अनंताचंही तेच असणार.

मृदा_धुळे | ४ मे

सहमत. संजीवकाची मात्रा कुंडीतल्या झाडाला मोजणं अवघड, चुकली तर उलट गळ. नको.

अनंताला कळी धरायला गार रात्री आवडतात. आपल्याकडे हिवाळ्यानंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये कळ्या दिसतात, पण त्या फुगेपर्यंत हवा कोरडी आणि रात्रीही तापलेल्या. झाड त्या सोडून देतं. एप्रिल-मेच्या कळ्यांचा मोह धरू नका. पाऊस लागला, हवा दमट झाली की पुन्हा कळ्या येतात, त्या टिकतात.

ओल सारखी ठेवा. कुंडीत बोट दोन पेरं घालून बघायचं, कोरडं लागलं तर पाणी. रोज घड्याळ लावून नाही. कळी आल्यावर कुंडी फिरवत बसू नका, दाखवायला हॉलमध्ये तर नकोच. पानांवर सकाळी पाणी मारायचं तर मऊ पाणी मारा. बोअरचं मारलं तर पानांवर पांढरे ठिपके बसतात.

आणि झाड आत्ता उपटू नका. मे महिन्यात मुळं हलवली तर संपलं. पहिला चांगला पाऊस होऊ द्या, आभाळ भरलेलं असताना संध्याकाळी काढा.

मेहरूणकाठ | १७ जुलै

धागा वर काढते. जूनच्या शेवटी झाड काढलं. मुळांभोवती नर्सरीतला लाल मातीचा गोळा अजून तसाच होता, मुळं काळ्या मातीत जवळजवळ गेलीच नव्हती! सोळा इंची कुंडी, मृदा_धुळे यांनी सांगितलेलं मिश्रण. पत्र्याखाली टिपाड लावलंय. शेंड्याची नवी पानं हिरवी आली आहेत, जुन्या पिवळ्यांमधली काही गळाली. कळ्या आहेत, बोटाच्या पेराएवढ्या.

घाटाखालची | १७ जुलै

तो गोळा नर्सरीच्या झाडांत नेहमी निघतो. बरीच झाडं आंध्रातून, कडियमहून लाल मातीच्या पिशवीत येतात. लावताना गोळ्याच्या कडा बोटांनी जरा मोकळ्या करायच्या, नाहीतर मुळं आतल्या आत गोल फिरत राहतात.

मेहरूणकाठ | १७ जुलै

केल्या मोकळ्या. आता खत आणि छाटणी कधी? झाड एका बाजूला वाकडं वाढलंय.

मृदा_धुळे | १८ जुलै

खत एवढ्यात नको, नव्या मुळांना महिनाभर जाऊ द्या. नंतर महिन्यातून एकदा अर्धा चमचा अमोनियम सल्फेट, ओल्या मातीत, खोडापासून दूर. ते सामूही थोडा उतरवतं. दोन महिन्यांनी मूठभर जुनं शेणखत. ऑक्टोबरनंतर थंडी संपेपर्यंत काही नको.

छाटणी फुलं संपली की लगेच, ऑगस्ट अखेर ते सप्टेंबर. वाकडी फांदी एका डोळ्यावर मागे घ्या, सुकलेली फुलं खुडा. उशीर केला तर पुढच्या हंगामाच्या कळ्या ज्या शेंड्यांवर येणार तेच तुम्ही कापाल. फेब्रुवारीत कात्री लावणारे लोक मग फुलं का नाहीत म्हणून इथेच धागे काढतात.

चोपडा_सातपुडा | १८ जुलै

छाटलेल्या फांद्या टाकू नका. पेन्सिलीएवढ्या, अर्धवट पिकलेल्या, चार-पाच इंची काड्या करा. वरची दोन पानं ठेवा आणि तीही अर्धी कापा. धुतलेलं कोकोपीट आणि वाळू निम्मी-निम्मी घेऊन त्यात खोचा, वर प्लॅस्टिकची पारदर्शक पिशवी, जागा सावलीची. दोन दिवसांआड पिशवी उघडून हवा द्यायची. दीड-दोन महिन्यांत मुळं धरतात, सगळ्या नाही धरत. पावसाळ्यातली दमट हवा आहे तोवरच हे जमतं, दिवाळीनंतर आपल्याकडे काडी वाळून जाते.

घाटाखालची | १८ जुलै

एक काडी नंदुरबारकडे. शेजाऱ्यांच्या तगरीला सोबत होईल.

भरीत_पार्टी | १८ जुलै

मला पण एक. पाणी महापालिकेचं देईन, शपथ.

मेहरूणकाठ | १८ जुलै

सप्टेंबरमध्ये छाटल्यावर सांगते. पहिली काडी सासूबाईंनी त्यांच्या भिशीतल्या मैत्रिणीला आधीच कबूल केली आहे.